सांडपाण्यातल्या रसायनाचा उगम शोधणे आणि ते तिथेच कमी करणे

ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) आउटलेटच्या नमुन्यात क्रोमियम, निकेल किंवा सीओडी (पाण्यातल्या घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनचे रासायनिक माप) मर्यादेच्या वर आला की नव्या माणसाचा हात आधी डोसिंग पंपाकडे जातो. चुना वाढतो, तुरटी वाढते, गाळाचे ढीग लागतात आणि आकडा मात्र जेमतेम हलतो. कारण दोष बहुतेक वेळा ईटीपीत नसतो, शेडमध्ये असतो. कुठल्यातरी एका टाकीतून, ठरावीक वेळी, थोडेसेच पण फार दाट द्रव गटारात येते आणि शंभर घनमीटर पाण्यात मिसळून जाते. एकदा मिसळले की तेच रसायन बाहेर काढणे कितीतरी अवघड होते. म्हणून आधी गटाराच्या उलट दिशेने चढत उगम गाठायचा, दाट प्रवाह वेगळा धरायचा, त्यावर तिथेच प्रक्रिया करायची आणि मगच उरलेले पाणी ईटीपीकडे सोडायचे.

खालची उदाहरणे मुख्यतः प्लेटिंग (धातूचा मुलामा) आणि धातूकामातली आहेत, पण शोधाची पद्धत रंग, औषधे, कातडे, कापड सगळीकडे तीच.

पायरी १: गटारांचा खरा नकाशा

कारखान्याचे ड्रॉइंग हातात घ्या, पण त्यावर विसंबू नका. गेल्या काही वर्षांत जोडलेली टाकी, हलवलेला पंप, फरशीतून काढलेला पाइप त्यात सहसा नसतो. प्रत्येक चेंबरला क्रमांक द्या आणि त्यात कुठकुठून पाणी येते ते प्रत्यक्ष पाहून लिहा. कुठला पाइप कुठे निघतो हे कळत नसेल तर दोन उपाय आहेत.

पहिला, रंग. फ्लुओरेसिनचे पातळ द्रावण वरच्या टोकाला ओता आणि खालच्या चेंबरमध्ये हिरवी-पिवळी झाक दिसते का ते पाहा. क्लोरीन असलेल्या पाण्यात हा रंग उडतो आणि आम्लात त्याची चमक मरते. तेव्हा अशा लाइनमध्ये रंग दिसला नाही, म्हणून जोड नाही असे ठरवू नका.

दुसरा, मीठ. १ किलो मीठ बादलीभर पाण्यात विरघळवून एकदम ओता आणि खाली कंडक्टिव्हिटी मीटर धरा. सेकंदाला २ लिटर वाहणाऱ्या गटारात ते मीठ पाच मिनिटांत, म्हणजे ६०० लिटरमध्ये पसरले, तर लिटरला सुमारे १.७ ग्रॅम होते आणि मीटर तीनेक हजार मायक्रोसीमेन्सने उसळी घेतो. मूळ पाणीच फार खारट असेल तर ही उसळी दबून जाते.

चेंबरमध्ये कधीही उतरू नका, वाकून तोंडही आत घालू नका. हायड्रोजन सल्फाइड थोड्या प्रमाणात असेपर्यंतच सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास थांबतो. नमुना दोरीला बांधलेल्या बादलीने किंवा लांब दांड्याच्या भांड्यानेच काढा.

पायरी २: प्रवाह मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचा सगळा हिशेब तिथेच बसकण मारतो. नुसत्या तीव्रतेवरून काहीच कळत नाही. लिटरला ५० मिलिग्रॅम निकेल असलेला प्रवाह दिवसाला २०० लिटर असेल तर त्यात १० ग्रॅम निकेल आहे. लिटरला १ मिलिग्रॅम असलेला प्रवाह दिवसाला ६० घनमीटर असेल तर त्यात ६० ग्रॅम.

लहान पाइपाला बादली आणि स्टॉपवॉच पुरते. तीनदा मोजा, सरासरी घ्या. उघड्या नालीत ९० अंशांचा व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेली पट्टी) बसवा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये मोजली, तिचा २.५ वा घात केला आणि १.३८ ने गुणले की प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये मिळतो. उंची ५ सेंमी असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० सेंमीला ४.४ लिटर, १५ सेंमीला १२ लिटर. उंची खाचेवर मोजायची नाही, कारण तिथे पाणी खाली झुकलेले असते. जास्तीत जास्त उंचीच्या चौपट अंतर मागे सरकून मोजायची. आणि खाचेत अडकलेली एक चिंधीसुद्धा पाणी फुगवते, म्हणून मोजण्याआधी खाच साफ करा.

पायरी ३: नमुना

प्रयोगशाळेचे यंत्र कितीही चांगले असले तरी बाटलीत जे गेले तेच ते मोजणार. नमुना पृष्ठभागावरचा तवंग किंवा तळाचा साका टाळून, पाणी खळाळत असेल तिथे मधल्या खोलीतून घ्या.

दिवसाचा सरासरी भार हवा असेल तर २४ तास दर तासाला पाणी घेऊन मिश्र नमुना बनवा, आणि प्रत्येक वेळचे पाणी त्या वेळच्या प्रवाहाच्या प्रमाणात घाला. दर वेळी सरसकट १०० मिलि घेतले तर रात्रीच्या बारीक धारेला दिवसाच्या लोंढ्याइतकेच वजन मिळते. चोर पकडायचा असेल तर मात्र मिश्र नमुना उपयोगाचा नाही, तो शिखर सपाट करतो. तेव्हा वेगवेगळ्या तासांचे सुटे नमुनेच हवेत. पीएच, सायनाइड, सल्फाइड, तेल-ग्रीस आणि उडून जाणारी सॉल्व्हंट्स यांचे नमुने तर नेहमी सुटेच घ्यायचे.

बाटली आणि टिकवण्याची रीत प्रत्येक घटकासाठी वेगळी:

- धातू: १० टक्के नायट्रिक आम्लाने धुतलेली प्लॅस्टिक बाटली, नमुन्याचा पीएच नायट्रिकने २ च्या खाली. असा नमुना ६ महिने टिकतो. विरघळलेला धातू वेगळा मोजायचा असेल तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मग आम्ल घाला. उलट केले तर गाळातला धातू विरघळतो आणि आकडा फुगतो.
- षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे +६ रूप): आम्ल घालायचे नाही, बर्फात ठेवून २४ तासांत तपासायचे. आम्लात ते पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्रिया करून त्रिसंयुजी (+३) होते आणि नमुना खोटाच चांगला दिसतो.
- सीओडी: सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली, ४ अंश सेल्सिअस, २८ दिवस.
- सायनाइड: कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) पीएच १२ च्या वर, थंड आणि अंधारात, १४ दिवस. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर आधी ते मारा, नाहीतर बाटलीतच सायनाइड संपते.
- तेल-ग्रीस: काचेची बाटली, थेट भरलेली. आधी त्याच पाण्याने विसळू नका, कारण तेल काचेला चिकटून राहते.
- उडून जाणारी सॉल्व्हंट्स: ४० मिलिची काचेची कुपी काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता.

पीएच जागेवरच मोजा. दर खेपेला एक बाटली शुद्ध पाण्याची भरून, तिला नमुन्यांसारखीच वागणूक देऊन पाठवा. तिच्यात जस्त सापडले तर दोष तुमच्या बाटल्यांत, आम्लात किंवा हातमोज्यांत आहे, गटारात नाही.

पायरी ४: भाराचा ताळेबंद

सूत्र सोपे आहे: मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले दिवसाचे घनमीटर, म्हणजे दिवसाचे ग्रॅम. खालच्या चेंबरचा भार आणि त्याला मिळणाऱ्या सगळ्या शाखांच्या भाराची बेरीज जुळली पाहिजे. मोजमापातल्या चुका धरून १०-१५ टक्के फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर एखादी वाट सुटली आहे.

समजा, ईटीपीच्या इनलेटला दिवसाला १२० घनमीटर पाणी येते आणि त्यात एकूण क्रोमियम लिटरला ४ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दिवसाला ४८० ग्रॅम. क्रोम लाइनच्या रिन्समधून (मुलाम्यानंतर माल धुण्याच्या पाण्यातून) ३५ घनमीटर, लिटरला ८ मिलिग्रॅम: २८० ग्रॅम. फरशी धुण्याचे ५ घनमीटर, लिटरला १० मिलिग्रॅम: ५० ग्रॅम. बेरीज ३३० ग्रॅम. मग १५० ग्रॅम कुठून आले?

हार्ड क्रोमच्या बाथमध्ये (मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीत) लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असते, त्यात १३० ग्रॅम क्रोमियम. म्हणजे १५० ग्रॅमसाठी सव्वा लिटरसुद्धा बाथ लागत नाही. २० थेंबांचा १ मिलि धरला, तर फिल्टर पंपाच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) दर चार सेकंदांना पडणारा एक थेंब दिवसात १ लिटरच्या वर जातो. तो पंपाखालच्या नालीत पडतो, नाली दुसऱ्याच चेंबरला मिळते, आणि तिथे नमुना घ्यायचे कुणाला सुचलेले नसते. हरवलेला भार असाच सापडतो: ग्रॅमचे बाथच्या लिटरमध्ये रूपांतर करायचे आणि तेवढे द्रव कुठून जाऊ शकते ते हुडकत फिरायचे. ग्लँड, हीटिंग कॉइलचे भोक, जॉब (मुलामा द्यायची वस्तू) नेताना दोन टाक्यांमधल्या फटीत पडणारे थेंब, टाकी भरताना होणारा ओव्हरफ्लो, ड्रम धुतलेले पाणी.

पायरी ५: वेळेची खूण

सगळ्या शाखा तपासूनही आकडा अधूनमधूनच उसळत असेल तर कुणीतरी टाकी रिकामी करत आहे. संशयित चेंबरमध्ये पीएच आणि कंडक्टिव्हिटीचा लॉगर आठवडाभर सोडा, दर ५ मिनिटांना एक नोंद. त्याचा आलेख आणि उत्पादनाची नोंदवही शेजारी ठेवा. शिफ्ट बदलताना, साप्ताहिक सफाईला किंवा ठरावीक बॅचनंतर उसळी येत असेल तर उत्तर तिथेच आहे. ऑपरेटरशी बोलताना आरोपाच्या सुरात बोललात की वही कोरी मिळते. जुना बाथ कुठे ओतायचा याची सोय आपणच करून दिलेली नसते, हे बहुतेक वेळा खरे असते.

झटपट चाचण्या जवळ ठेवा. डायफिनाइलकार्बाझाइड आम्लात षट्संयुजी क्रोमियमबरोबर जांभळे होते, डायमिथाइलग्लायॉक्झिम निकेलबरोबर लाल. नेमका आकडा देत नाहीत, पण कुठल्या चेंबरपाशी शोध थांबवायचा ते जागच्या जागी सांगतात.

पायरी ६: रसायन पाण्यात जाऊच न देणे

आम्हाला सगळ्या पायऱ्यांत हीच सर्वांत मोलाची वाटते, आणि तिलाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. बाथमधून वर काढलेल्या जॉबबरोबर चिकटून येणारे द्रव, म्हणजे ड्रॅग-आउट, हाच रिन्समधल्या धातूचा मुख्य स्रोत आहे. जॉब बाथवर १० ते ३० सेकंद लटकता ठेवा, एक कोपरा खाली येईल असा तिरका टांगा, टाक्यांच्या मधे उतरती पट्टी लावा म्हणजे थेंब बाथमध्येच परततील. बाथनंतर लगेच एक साचलेल्या पाण्याची टाकी ठेवा. तिचे पाणी गटारात न सोडता बाथमधून वाफ झालेल्या पाण्याची भर म्हणून वापरा. गरम बाथला ही युक्ती उत्तम बसते. मात्र चिकटून आलेली अशुद्धताही बाथमध्ये परत येते, तेव्हा बाथची तपासणी वाढवा.

मग रिन्स. बाथच्या तुलनेत शेवटचे पाणी १००० पट पातळ हवे असेल, तर एकाच वाहत्या टाकीत १ लिटर ड्रॅग-आउटमागे १००० लिटर पाणी लागते. दोन टाक्या उलट प्रवाहाने जोडल्या, म्हणजे ताजे पाणी शेवटच्या टाकीत आणि तिथून ते आधीच्या टाकीत, तर सुमारे ३२ लिटर. तीन टाक्यांना १० लिटर. धातू तेवढाच, पण मूठभर पाण्यात, म्हणून प्रक्रिया नेमकी होते. जोडताना पाणी टाकीच्या तळाशी सोडा आणि समोरच्या बाजूने वरून काढा, नाहीतर ते वरच्यावर निघून जाते आणि गणित कागदावरच राहते.

पायरी ७: प्रवाह वेगळे ठेवून प्रक्रिया

किमान चार भांडी हवीत: क्रोम, सायनाइड, इतर आम्ल-अल्कली आणि संपलेले दाट बाथ. सायनाइड आणि आम्ल यांच्या नाल्या कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. हायपोक्लोराइट आणि आम्लाचे कॅन शेजारी ठेवू नका, त्यातून क्लोरीन सुटतो. पीएचचे प्रोब आम्लाने धुवायचे असतील तर सायनाइडच्या टाकीतून बाहेर काढून, भरपूर पाण्याने विसळून, दुसरीकडे नेऊनच धुवा.

क्रोम: षट्संयुजी क्रोमियम चुन्याने खाली बसत नाही, आधी त्याचे त्रिसंयुजीत रूपांतर करावे लागते. सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते २.५ वर आणा आणि ढवळत सोडियम मेटाबायसल्फाइट घाला. गणिताने १ ग्रॅम क्रोमियमला २.७४ ग्रॅम लागते. पाण्यातला ऑक्सिजनही ते खातो, म्हणून प्रत्यक्षात जास्त लागते. रंग पिवळ्यावरून हिरव्यावर येतो आणि ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षपण पातळी दाखवणारे माप) साधारण २५० ते ३०० मिलिव्होल्टवर स्थिरावतो. नेमका आकडा तुमच्या पाण्यावर, डायफिनाइलकार्बाझाइडने खात्री करून ठरवा. पीएच ३ च्या वर गेला की क्रिया फार मंदावते, आणि नेहमीची चूक हीच: ऑपरेटर मेटाबायसल्फाइट ओतत राहतो, कमी असते ते आम्ल. पीएच २ च्याही खाली गेला की सल्फर डायॉक्साइडचा उग्र वास सुटतो. रूपांतर पूर्ण झाल्यावर पीएच ७.५ ते ८.५ वर नेऊन हायड्रॉक्साइड बसवा.

सायनाइड: पहिला टप्पा पीएच १० च्या वर, हायपोक्लोराइट घालून ओआरपी ३५० ते ४०० मिलिव्होल्ट. इथे पीएच खाली घसरला तर विषारी सायनोजेन क्लोराइड टिकून राहते, म्हणून आधी कॉस्टिक, मग हायपोक्लोराइट, हा क्रम मोडायचा नाही. दुसरा टप्पा पीएच ८ ते ८.५, ओआरपी ६०० च्या आसपास, तिथे सायनेटचे नायट्रोजन आणि कार्बन डायॉक्साइड होते. १ किलो सायनाइडला पहिल्या टप्प्यात २.७३ किलो आणि दोन्ही मिळून ६.८३ किलो क्लोरीन लागते. हायपोक्लोराइट साठवणीत, विशेषतः उन्हात, कमजोर होते, तेव्हा जुन्या कॅनचे मागचे माप चालत नाही. लोखंडाशी बांधलेले सायनाइड या पद्धतीने फुटत नाही. म्हणून सायनाइडच्या लाइनमध्ये लोखंडी गंज आणि फेरसचे क्षार येऊ देऊ नका.

धातू: प्रत्येकाचा बसण्याचा पीएच वेगळा. त्रिसंयुजी क्रोमियम ७.५ ते ८.५, तांबे ८.५ ते ९, जस्त ९ ते ९.५, निकेल १० ते १०.५. क्रोमियम आणि जस्त पीएच फार चढला की पुन्हा विरघळतात. त्यामुळे क्रोमियम आणि निकेल एकाच टाकीत असतील तर एकाला बसवताना दुसरे निसटते. अशा वेळी दोन टप्पे करा. पाणी गडद निळे आणि स्वच्छ दिसत असेल तर तांबे अमोनियाने धरून ठेवले आहे, ईडीटीए (धातूला धरून ठेवणारे रसायन) असेल तरी तांबे असेच अडते. त्यावर चुना कितीही घातला तरी ते बसणार नाही. तो प्रवाह वेगळा काढून सल्फाइड किंवा डायथायोकार्बामेट वापरावे लागते, सल्फाइड नेहमी अल्कलीतच. कॉस्टिकचा डोस सोपा पण फ्लॉक (गाळाचे पुंजके) हलका येतो. चुन्याचा गाळ जास्त, पण जड आणि लवकर बसणारा. सल्फेट भरपूर असेल तर चुन्याने जिप्समचा थर प्रोबवर चढतो आणि मीटर जुनाच आकडा दाखवत राहतो. रोज बफरमध्ये तपासा.

डोस ठरवण्यासाठी जार टेस्ट करा. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवली की त्याचा १ मिलि म्हणजे १० मिलिग्रॅम. १ लिटरच्या सहा बीकरमध्ये ५, १०, १५, २०, २५ आणि ३० मिलि घाला, १ मिनिट जोरात ढवळा, १५ ते २० मिनिटे संथ, ३० मिनिटे निवळू द्या. प्रत्येक बीकरचा पीएच पुन्हा जुळवा, कारण तुरटी तो खाली ओढते आणि मग दोष डोसचा की पीएचचा हे कळत नाही. पॉलिमर (गाळाचे कण एकत्र बांधणारे रसायन) ०.१ टक्क्याचे, अर्धा ते एक तास भिजवलेले, आणि संथ ढवळणे सुरू होण्याच्या थोडे आधी. निवळी वरून नळीने काढा, बीकर तिरका करू नका.

सीओडी: बीओडी (जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) भागिले सीओडी ०.४ च्या वर असेल तर जैविक प्रक्रिया पुरेशी. १०० भाग बीओडीला ५ भाग नायट्रोजन आणि १ भाग फॉस्फरस आहे ना ते पाहा, कारखान्याच्या पाण्यात ते अनेकदा कमी असतात. न कुजणाऱ्या दाट प्रवाहाला फेंटन चालते: पीएच ३ च्या आसपास, फेरस सल्फेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. १ ग्रॅम सीओडीला गणिताने २.१ ग्रॅम पेरॉक्साइड लागते. ते थोडे थोडे घाला. एकदम ओतले तर पाणी तापते आणि फेस बाहेर येतो. शिल्लक राहिलेले पेरॉक्साइड सीओडीच्या चाचणीत १ मिलिग्रॅममागे ०.४७ मिलिग्रॅम खोटा सीओडी दाखवते आणि पुढच्या टाकीतले जिवाणूही मारते. पट्टीने तपासूनच पाणी पुढे सोडा. लिटरला २००० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड असेल तरीही सीओडी खोटा वाढतो, तेव्हा प्रयोगशाळेला क्लोराइडचा आकडा आधीच कळवा.

पायरी ८: खात्री

बदल केल्यावर एका चांगल्या निकालावर थांबू नका. किमान तीन वेगवेगळ्या दिवशी नमुने घ्या, त्यांतला एक संपलेला बाथ बदलण्याच्या दिवसाचा. इनलेट आणि आउटलेट यांच्यात टाक्यांत पाणी राहण्याइतके अंतर ठेवा. १० तास पाणी थांबणाऱ्या ईटीपीत दोन्ही नमुने सकाळी नऊलाच घेतले तर तुम्ही दोन वेगळ्या पाण्यांची तुलना करत असता. आणि गाळाचा हिशेब लावा: पाण्यातून गेलेले क्रोमियम फिल्टर प्रेसच्या केकमध्ये (दाबून पाणी काढलेल्या गाळात) दिसले पाहिजे. तिथे ग्रॅम जुळले नाहीत, तर पायरी ४ ची वही पुन्हा उघडून पंपाखालच्या त्या नालीकडे चला.